केतकीच्या वाटेनं बारा किलोमीटर

रविवारी पहाटे साडेपाचला मी लालबागेतल्या आमच्या घराचं फाटक ओढून घेतलं, तेव्हा ह्यांनी आतूनच विचारलं, "पाणी घेतलंस?" घेतलं होतं. "फोन?" तोही घेतला होता. "मग जा," म्हणाले, आणि बहुतेक पांघरूण परत डोक्यावर ओढलं. सत्तेचाळीस वर्षांची बायको कार्तिकातल्या थंडीत स्वेटर खुंटीला टांगून, पायांत पोपटी बूट चढवून पळायला निघते, यावर शहाण्या माणसानं आणखी काय बोलावं? त्यांनी महिनाभर बोलून पाहिलं होतं, मग हात टेकले.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, पाथर्डीकडचं. तिकडच्या मैत्रिणी अजून विचारतात, "बुऱ्हाणपूर म्हणजे नेमकं कुठं गं?" तर सांगते. भुसावळहून रेल्वेनं तासाभरात येतं. आहे मध्य प्रदेशात, पण भाजीवाली मराठीत भाव सांगते आणि हिंदीत भांडते. तापीच्या काठावरचं तटबंदीचं जुनं गाव, गल्ल्यांतून दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट, आणि वेशीबाहेर पडलं की नजर जाईल तिकडे केळी. ह्यांची नोकरी इथून जवळच्या कागद कारखान्यात. तिथं आमच्यासारखी महाराष्ट्रातली पुष्कळ कुटुंबं आहेत. केतकी आठवीत गेली तेव्हा तिच्या शाळेसाठी आम्ही कारखान्याची वसाहत सोडून लालबागेत भाड्यानं घर घेतलं आणि हे रोज रेल्वेनं अपडाऊन (ये-जा) करू लागले.

केतकी ही आमची एकुलती एक. आता ती इंदुरात शिकते. आज ज्या वाटेचं वर्णन करायला बसलेय ती वाट तिची. दहावीपासून रोज पहाटे ती इथून पळायची आणि आल्यावर माझ्या मागे लागायची. "आई, चल ना एकदा. कुंड्यांच्या रांगेनं जायचं, मग केळीत शिरायचं, मग टेकडी. तू नुसती चाललीस तरी चालेल." मला डबा असायचा, धुणं असायचं, नळाला पाणी यायची वेळ असायची. "रविवारी बघू," असं मी किती रविवार म्हटलं, त्याची गणती नाही.

मग बारावीच्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, तिच्या टी-शर्टांवर डाग दिसू लागले. डाव्या खांद्यावर, काळपट तपकिरी, पाठीपर्यंत ओघळलेले. साबण झाला, लिंबू झालं, ब्लीच झालं. कापड विरायला आलं पण डाग हलेना. विचारलं तर म्हणाली, "केळीचा चीक आहे. तिथं शेतात मी घड उचलते." आता पळायला गेलेली मुलगी केळीचे घड कशाला उचलेल, तुम्हीच सांगा. आणि खरी गोम वेगळीच होती. सकाळी ती घामाघूम होऊन यायची तेव्हा खांदा स्वच्छ असायचा, मी डोळ्यांनी पाहिलेलं. टी-शर्ट दोरीवर टाकायची आणि संध्याकाळी क्लासला तोच अडकवून जायची, शंभरदा ओरडूनही. क्लासहून परत आली की डाग. म्हणजे डाग शेतातला नव्हे, संध्याकाळचा. मला तो हाताचा वाटला. मळक्या हातानं कुणीतरी खांदा धरल्यासारखा.

एकदा मनात ते शिरलं म्हणजे शिरलं. कुणाला विचारायची सोय नव्हती. असली गोष्ट चारचौघींत कशी बोलणार? मी तिला खोटारडी म्हटलं. पळायचे बूट कपाटात घालून कुलूप लावलं. जानेवारीत जिल्ह्याची निवड चाचणी होती, तिथं ती पहिल्या दोघींत येईल असं तिचे सर सांगत होते. मी जाऊ दिलं नाही. ती रडली नाही की तिनं आदळआपट केली नाही. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलू लागली, ते आजतागायत तसंच आहे. इंदूरहून फोन ह्यांना येतो. माझ्या वाट्याला "हो", "जेवले", "बरं". आता ती पळत नाही, हेही मला ह्यांच्याकडूनच कळलं.

ती गेल्यावर घर खायला उठलं. डॉक्टरांनी साखरेचं नाव काढून मला चालायला धाडलं, आणि चालता चालता कधी पळू लागले ते माझं मलाच कळलं नाही. जानेवारीत इंदुरात दहा किलोमीटरची दौड आहे. तिथं नाव घातलं आणि केतकीला मेसेज केला, "माझ्याबरोबर पळशील का?" त्याला आठ दिवस झाले. तिनं वाचलाय एवढं दिसतं. तेव्हा ठरवलं की तिची वाट आपण एकदा पळून यावी आणि मग फोन करावा. निदान "जेवलीस का"च्या पुढे बोलायला काही असेल. सरळच सांगते, मला माझी मुलगी परत हवी होती, आणि ती कशी आणायची हे मला येत नव्हतं.

तर निघाले. लालबागेच्या गल्लीत चहावाल्यानं नुकती शेगडी पेटवली होती. दोन कुत्री भुंकत मागे लागली आणि कोपऱ्यावर कंटाळून परत गेली. गाव संपलं आणि पहिली कुंडी दिसली. तुमच्या गॅलरीतली तुळशीची नव्हे. इथं कुंडी म्हणजे विहिरीचं तोंड. मोगलांच्या काळात सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावात आणलं, आणि त्या बोगद्याला वरून हवा मिळावी म्हणून थोड्या थोड्या अंतरावर या गोल दगडी विहिरी ठेवल्या. शंभरावर आहेत म्हणतात. शेतांतून, बांधांवरून, कुणाच्या गोठ्याच्या मागून त्यांची रांग टेकड्यांकडे जाते. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते.

नवख्या पळणाऱ्याला याहून चांगली वाट मिळणार नाही. किलोमीटर बिलोमीटर डोक्यात आणायचंच नाही, फक्त पुढची कुंडी गाठायची. पहिल्या दहा मी ऐटीत गाठल्या. अकरावीपाशी दम लागला म्हणून कठड्यावर हात टेकून आत वाकले. आत काळोख, चेहऱ्यावर दमट वाफ, आणि खोल कुठंतरी पाणी चालल्याचा आवाज. केतकीनं मला हे सांगितलेलं होतं. जेवताना सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, वाकू नकोस, पडशील. आता वाटतं, त्या वेळी ताट बाजूला सारून तिला विचारायला हवं होतं की आणखी काय काय दिसतं गं तिथं. मला तिचं ते बोलणं आता एक शब्दही न गाळता ऐकायचंय.

सोळाव्या की सतराव्या कुंडीनंतर बाभळीचा काटा बुटाचा तळ भेदून आत आला. एका पायावर उभी राहून तो उपसत होते तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर पन्नाशीतला माणूस, कानाला मफलर. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय झालं ताई? कोनाची तबियत बिगडली का?"

"नाही हो. पळतेय."

"ते दिसून राह्यलं. पन कायले?"

"व्यायाम."

"बसा मागं, सोडून देतो. कुठी जायचं?"

"कुठंच नाही. टेकडीपर्यंत जायचं आणि परत यायचं."

त्यानं यावर मनापासून विचार केला. "परतच यायचं तं मंग जायचं कायले?"

बाईमाणूस एकटी पळतेय म्हणजे घरात काहीतरी झालं असणार, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. तो मोटरसायकल माझ्या वेगानं, म्हणजे जवळजवळ उभीच, चालवू लागला. बराच वेळ आम्ही तसे बरोबर चाललो, कॅन खडखडत. मग तो म्हणाला, "दोन साल पैले एक पोरगी यायची अशीच. डेली. तिले बी म्या म्हनो, बस. कधी नाही बसली."

"ती माझी मुलगी."

"हाव का?" त्याचा चेहरा उजळला. "कुठी हाय आता?"

"इंदूरला. शिकायला."

"तिथं दौडते का?"

मी "हो" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. परक्या माणसाशी खोटं बोलायची काही गरज नव्हती, पण तोंडातून निघून गेलं. तो खूश झाला. पुढच्या केळीच्या बगीच्यात कापणी चालू आहे, तिथं जसोंडी गावच्या जगनभाऊंची टोळी आहे, ते लोक तुमच्या पोरीला चांगलं ओळखतात, एवढं सांगून त्यानं गाडी दामटली. केतकीचं म्हणणं तेव्हाच माझ्या डोक्यात ठणकायला लागलं. मी घड उचलते तिथं, शेतात.

केळीत पहिल्यांदा शिरणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं. बाहेर उजाडलेलं असलं तरी आत उजाडलेलं नसतं. दोन ओळींमधून पळायचं, वर पानांचं छत, पानांवरचं दव मानेवर टपकतंय, पायाखाली ठिबकच्या नळ्या. सगळ्या ओळी सारख्या. मी दोनदा वळले आणि दिशा हरवून बसले. तिसऱ्यांदा वळताना चिखलात पाय सटकला आणि चांगली गुडघ्यावर आपटले. आजूबाजूला कुणी नव्हतं ते बरंच झालं. तशीच बसून राहिले थोडी. सतरा वर्षांची माझी पोर रोज अंधारात इथून एकटी जायची आणि मी घरात डब्याची कणीक मळत असायचे. तिला भीती वाटायची का, हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

मग खच् असा आवाज आला, पाठोपाठ कुणीतरी हाळी दिली, आणि त्या आवाजाच्या रोखानं मी बाहेर पडले. बगीच्याच्या कडेला ट्रक उभा होता. चार-पाच गडी आणि दोन बाया. त्यांची कामाची रीत मी तिथं पहिल्यांदा पाहिली. एकजण कोयत्यानं केळीच्या बुंध्यावर अर्धवट घाव घालतो, झाड हळूहळू वाकतं, आणि दुसरा खाली खांदा देऊन उभा राहतो. घड खांद्यावर टेकला की दांडा छाटायचा. घड जमिनीवर ठेवायचा नाही, फळाला मार लागतो. तसाच खांद्यावर घेऊन झपाझप ट्रककडे जायचं. जाणारा परत येईस्तोवर पुढचं झाड वाकलेलं असतं.

कोयता धरलेल्या माणसानं माझे बूट पाहिले, मग तोंड पाहिलं. "केतकीच्या आई," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलंच. हेच जगनभाऊ, टोळीचे मुकादम. पिकलेल्या मिशा, अंगात पूर्ण बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट. "तोंडवळा तोच हाय. बसा ताई, पैले पानी घ्या."

मी बसले नाही. "ती इथं घड उचलायची का हो?"

"मंग? पैल्या दिवशी येऊन म्हने, भाऊ, एक घड देता का? म्या म्हनलं, पोरी, पंचवीस किलोचा राहते, कंबर जाईन. ऐकते थोडी ती. पैल्या दिवशी दोन नेले. मंग रोजचे पाच. कापनी जिथं असंल तिथं हुडकत यायची. कायले म्हून पुसलं तं म्हने, मांड्या पक्क्या होतात, शर्यतीत आखरीले दम राहते." जगनभाऊ हसले. "पाच झाले की एक केळं खाऊन पळून जायची. टाइमची पक्की."

तरी एक आशा होती, खोटं कशाला सांगू. आशा अशी की मी अगदीच चुकले नसेन. म्हणून विचारलं, "पण ती घरी यायची तेव्हा खांद्यावर डाग नसायचे. ते संध्याकाळी दिसायचे."

शेवंताबाई म्हणून खकनारकडची बाई घड ठेवून परत येत होती, ती मोठ्यानं हसली. "तेच तं लफडं हाय ना ताई. ताजा चीक पान्यावानी राहते. दिसतच नाही. मंग हवा लागली की दिवसभरात काळा पडते. आन साबन लावला की अजून पक्का. आमच्या टोळीत नवीन बाई आली की पैल्या आठवड्यात तिच्या घरी भांडन ठरलेलं. सासू म्हनते, सकाळी तं साफ होती, दुपारी कुठी लोळून आली?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग म्हटलं, "मला एक द्या उचलायला."

जगनभाऊंनी नको म्हणून पाहिलं, पण माझं तोंड बघून त्यातल्या त्यात लहान घड निवडला. घाव बसला, झाड वाकलं, आणि ते ओझं खांद्यावर आलं तेव्हा गुडघे आपोआप वाकले. दांडा छाटल्याबरोबर मानेवर काहीतरी गार ओघळलं. हात लावून पाहिला. स्वच्छ पाणी. बोटाला जरा चिकट लागलं, एवढंच. ट्रक चाळीसेक पावलांवर होता. विसाव्या पावलाला वाटलं टाकून द्यावा, पण टाकायचा नसतो हे पाहिलं होतं, म्हणून नेला. ट्रकवरच्यानं घड उचलून घेतला आणि मी तिथंच पानांच्या ढिगावर बसून रडले. हुंदके देऊन रडले, लोकांसमोर. शेवंताबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि काही न विचारता कामाला गेली. तिचे उपकार मानते.

थोड्या वेळानं जगनभाऊ शेजारी येऊन उकिडवे बसले. "ती एकाएकी यायची बंद झाली. बीमार पडली का काय, आमाले समजलं नाही. घर ठाऊक नाही, पुसावं कोनाले? बंद व्हायच्या आधी एक दिवस म्हने, भाऊ, डागावरून आई लय परेशान हाय. मंग म्या घरून जुना शर्ट आनला, टी-शर्टावरून घालाले. आठ दिवस झाडाले टांगून ठेवला. मंग मीच घालाले लागलो." त्यांनी अंगातल्या चौकड्यांच्या शर्टाची बाही ओढून दाखवली. डावा खांदा काळाकुट्ट झाला होता, कातड्यासारखा ताठ.

मी म्हटलं, "ती आजारी नव्हती. मी बंद केलं. मला वाटलं ती खोटं बोलते."

"सांगितलं नाही का तिनं, की केळीत येतो म्हून?"

"सांगितलं होतं."

जगनभाऊंनी जमिनीवरचं एक वाळकं पान उचलून कोयता पुसला, बराच वेळ पुसला. मग उठले आणि गड्यांना म्हणाले, "चला रे, ट्रक खोळंबला हाय." मला बरं वाटावं म्हणून त्यांनी एक शब्द काढला नाही.

पण न खाता जाऊ दिलं नाही. न्याहारीची वेळ झाली होती. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. मी नगरची, तिखटाला भिणारी नव्हे, पण त्या ठेच्यानं कानांतून धूर काढला. शेवटी झाडावरच पिकलेलं एक केळं दिलं. बाजारात येतं ते केळं आणि हे केळं यांचं नाव तेवढं एक आहे. खाताना शेवंताबाई केतकीचं काहीबाही सांगत होती. पाचवा घड झाला की ती सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायची, केळं सोलताना उलट्या बाजूनं सोलायची, एकदा पायात पेटका आला तेव्हा शेवंताबाईनं तिचे पाय चोळले होते. मी ऐकत राहिले. माझ्या मुलीविषयी मला ठाऊक नसलेल्या इतक्या गोष्टी त्या एका बगीच्यात होत्या. मत्सर वाटला, तोही सांगून टाकते.

टेकडी तिथून पुढे होती. केतकी टेकडीवर चढून परतायची. घड्याळात सहा किलोमीटर झाले होते, आणि पायांत काही उरलं नव्हतं. मी टेकडीकडे नुसतं पाहिलं आणि माघारी वळले.

परतीचा रस्ता म्हणण्यासारखा पळाले नाही. ऊन वर आलं होतं. कपाशीत वेचणी करणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून वाकल्या होत्या, त्यातली एक ओरडली, "ताई, हळू, गाडी सुटत नाही!" आणि सगळ्या हसल्या. मी हात केला. दोन कुंड्या पळायचं, चार कुंड्या चालायचं, असं करत आले. आपण नवीन मुलुख पाहून येतो तेव्हा येताना काहीतरी घेऊन येतो, दराबा नावाची इथली मिठाई नाहीतर जिलबी, नाहीतर निदान फोटो. मी फोटोही काढला नव्हता. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं आणि ते केतकीला कसं सांगायचं याची उजळणी करत होते.

नऊ वाजून गेले होते. हे दारातच उभे होते. माझा गुडघा पाहिला, चेहरा पाहिला आणि बाजूला झाले. मी आत गेलेच नाही. ओट्यावर बसून फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा ठीक आहेत ना?"

मी सकाळी फोन केला म्हणजे काहीतरी झालं असणार, असं तिला वाटलं.

"ठीक आहेत. मी तुझ्या वाटेनं जाऊन आले."

"कुठवर?"

"केळीपर्यंत. जगनभाऊ भेटले. शेवंताबाई भेटल्या." उजळणी केलेलं सगळं विसरले होते. "केतू, चीकच होता तो. ताजा असताना दिसत नाही. मला ठाऊक नव्हतं."

"मलाही ठाऊक नव्हतं, आई. डाग सकाळी न दिसता संध्याकाळी का दिसतात, मलाही कळायचं नाही. पण मी सांगितलं होतं."

"हो. माझं चुकलं. तुझी चाचणी बुडवली मी. तुला नको ते बोलले. माझं चुकलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "जगनभाऊंनी सांगितलं आणि तुला लगेच पटलं. त्यांना तू आज अर्धा तास ओळखतेस."

इतकी वर्षं आई असल्याचा तोरा मिरवला, आणि माझ्या पोरीची साक्ष मला परक्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरी वाटली नाही. चूक कळली की माणूस हलकं होतं म्हणतात. मी काही हलकी झाले नाही. बारा किलोमीटर जाऊन आल्यावर मला एवढंच कळलं की माझ्यात आणि तिच्यात अंतर किती आहे, आणि ते मी पाडलेलं आहे.

"येताना पळालीस का?" तिनं विचारलं.

"निम्मं चालत आले."

"आणि आता?"

"ओट्यावर बसलेय."

"ऊठ. आल्या आल्या बसायचं नसतं, पोटऱ्या धरतात. दहा मिनिटं चाल, मग पाणी पी, मग बस." गेल्या दोन वर्षांत ती माझ्याशी एका दमात एवढं बोलली नव्हती. मी उठले. इंदूरच्या दौडीचं ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. तीही त्यावर काही बोलली नाही.

"चालतेयस का?"

"चालतेय."

"चाल मग."

फोन कानाला धरून मी अंगणात फाटकापासून मागच्या दारापर्यंत जायला लागले. ती काही बोलत नव्हती, पण पलीकडून वसतिगृहातलं कुणीतरी हसल्याचं, बादली सरकवल्याचं ऐकू येत होतं, मधूनच तिचा श्वास ऐकू येत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गुडघा ठणकत होता, पोटऱ्यांचे दगड झाले होते, ह्यांनी खिडकीतून दोनदा बस म्हणून खुणावलं. पण थांबले असते तर तिनं फोन ठेवला असता, म्हणून मी चालतच राहिले.